म्हणे, शाळेबाहेर घडलंय

मुलांनी मुलांचा नेटवर छळ केल्याची बातमी आली की दोन दिवसांत एक मागणी हटकून कानावर येते. कडक कायदा करा, अजामीनपात्र करा, या कार्ट्यांना एकदा आत टाकाच! मला या मागणीचा मनापासून वैताग येतो. छळ किरकोळ वाटतो म्हणून नव्हे. असा कायदा आपल्याकडे होता आणि त्याचं काय झालं ते आपण इतक्यात विसरलो, म्हणून.

२००८च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६अ आलं. नेटवरून कुणाला त्रास होईल, अपमान वाटेल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. वाचायला किती छान, छळणाऱ्या पोरांसाठीच केल्यासारखं! प्रत्यक्षात काय झालं? नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या, आणि अटक झाली ती या दोघींना. काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. म्हणजे झुंड करून छळलं कुणी आणि पकडलं कुणाला ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला ते कलम रद्द केलं, बरं केलं. 'त्रास' हा शब्द ज्याच्या हातात दंडुका असतो त्याच्या सोयीने वाचला जातो.

नग्न फोटो, ब्लॅकमेल, धमक्या, यांची गोष्ट निराळी. तिथे आजही कायदे आहेत आणि सरळ पोलिसांतच जायला हवं. पण शाळकरी मुलांचा रोजचा छळ असा नसतो हो. माझ्या ओळखीतली एक मुलगी, आठवीतली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तिच्या फोटोचं स्टिकर केलं. मग तिला वगळून दुसरा ग्रुप निघाला. ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवर खसखस. पोरगी मधल्या सुट्टीत डबा घेऊन स्वच्छतागृहात बसायला लागली. यात कुठलं कलम लावणार? आणि लावलंच, तरी सोमवारी सकाळी त्याच वर्गात, त्याच बाकावर जायचंय तिला. तिथे इन्स्पेक्टरसाहेब काय करणार आहेत?

तिचे वडील शाळेत गेले. उत्तर मिळालं, "हे शाळेबाहेर घडलंय. मोबाइल तुम्ही दिलात. सायबर सेलला जा."

माझा खरा राग या वाक्यावर आहे. कारण त्याला उत्तर आहे, आणि ते चांगलं जुनं आहे. महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा. तो व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा, आणि आपण तो फक्त मेडिकलच्या हॉस्टेलशी जोडून ठेवलाय. पण त्यात रॅगिंगला बंदी आहे ती शिक्षणसंस्थेच्या आत 'किंवा बाहेर'. मानसिक इजा, लाज वाटायला लावणं, चिडवणं, सगळं व्याख्येत आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करायची ती संस्थेच्या प्रमुखाने. आणि त्याने टाळाटाळ केली, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं!

मला हेच कलम हवंय. दोन वर्षांची कैद आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही, या त्याच कायद्यातल्या शिक्षा तेरा वर्षांच्या पोराला व्हाव्यात असं मी मुळीच म्हणत नाही. त्याचं काय करायचं ते शाळेला चांगलं कळतं: पालकांना बोलवा, सगळ्यांच्या फोनमधून स्टिकर काढायला लावा, वर्ग बदला, सहलीला नेऊ नका. त्याच आठवड्यात करा, म्हणजे पोरांना कशाची शिक्षा आहे ते कळतं. वर्षभराने कोर्टात तारीख लागून काय कळणार? पण मुख्याध्यापक मोठे आहेत, पगारी आहेत. कायद्याचा धाक घालायचाच तर त्यांना घाला.

आठवीच्या वर्गाला हा कायदा कितपत लागतो यावर वकील खुशाल घासाघीस करोत. व्याख्येत शिक्षण देणारी संस्था असं आहे, आणि शाळा अजून तरी ते काम करते असं मी धरून चालतो.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं की आता तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, विषयात १९९९चा कायदा घाला आणि शिक्का मारलेली पोच घ्या, तारखेसकट. सात दिवस तिथून मोजायचे.