कासव कोकणाचं, पाणी आपलं

फेब्रुवारी-मार्च आला की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, 'वेळासला कोण कोण येणार?' जा, जरूर जा. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, पुढे मंडणगड तालुक्यातलं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, म्हणून आज आपल्याला पिल्लं बघायला मिळतात. फक्त तिथे फोनची टॉर्च लावू नका. पिल्लू उजेडाकडे धावतं. तो उजेड समुद्रावरचा हवा, तुमच्या रीलचा नको.

पण माझं भांडण वेगळंच आहे. आपण सातारा-सांगलीवाले तिथे पाहुणे म्हणून जातो आणि पाहुण्यासारखेच परत येतो. कासव कोकणाचं, आपला काय संबंध?

२०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. उलट ओडिशात २०२१ मध्ये टॅग केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे या कासवांना दोन्ही समुद्र घरचेच.

आता आपलं पाणी बघा. कृष्णा महाबळेश्वरला उगवते आणि वाई, कराड, सांगली करत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळच्या वाळूतही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. कोयना कराडला कृष्णेत येते खरी, पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वीज तयार करून वाशिष्ठीत जातं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात. एकट्या सातारा जिल्ह्याचं पाणी दोन्ही समुद्रांत!

घाटावरून सोडलेली निर्माल्याची पिशवी बहुतेक वेळा एखाद्या बंधाऱ्यालाच अडकेल, मान्य. पण पुरात सुटलेली कुठवर जाईल? पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते आणि जेलीफिश हे त्याचं खाणं आहे. कृष्णेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या तर सांगलीकरांना नव्या नाहीत. आपण स्टेटस ठेवतो, चार दिवसांत विसरतो.

पर्यावरणाचा प्रोजेक्ट आपण कुठून 'उतरवतो' ते सगळ्यांना माहीत आहे. यंदा तो खरा करूया. आयर्विन पुलाखाली किंवा प्रीतिसंगमावर चार रविवार उभं राहायचं, पात्रात काय काय पडतं ते मोजायचं आणि ते आकडे घेऊन पालिकेत जायचं.

आमच्या ग्रुपमधून वेळासला बावीस जण आले होते. रविवारसाठी आतापर्यंत तिघं तयार आहेत.