लाइट गेली म्हणजे काय गेलं?

दर वर्षी २७ फेब्रुवारीच्या आसपास, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने, व्हॉट्सॲपवर याद्या फिरू लागतात. डावीकडे आपण रोज वापरतो ते इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे 'शुद्ध' पर्याय. 'लाइट'समोर कुणी 'दिवा' लिहितं, कुणी 'वीज', कुणी 'प्रकाश'. एका शब्दाला तीन वेगवेगळे पर्याय द्यावे लागतात, यावरूनच खरं तर शंका यायला हवी होती. पण यादी करणाऱ्यांनी मराठी माणसाचं बोलणं कान देऊन ऐकलेलंच नसतं.

त्यांनी एकदा एरंडोल तालुक्यातल्या एखाद्या विहिरीवर यावं. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचं हे गाव, अंजनी नदीच्या काठचं. शिवारात विहिरीजवळ एक खोली, भिंतीवर मोटारीचा स्टार्टर, वर एक बल्ब. बल्ब लख्ख जळतोय आणि त्याच्याखाली उभा राहून माणूस फोनवर सांगतोय, "लाइट नाहीये." इंग्रजीच्या मास्तरांना हे वाक्य वेडेपणाचं वाटेल. शेजारच्या शेतकऱ्याला ते पटकन कळतं, कारण शेतातली मोटार थ्री फेजवर चालते. तिन्ही फेज आल्या की लाइट आली. एकाच फेजवर बल्ब लागतो, मोबाइल चार्ज होतो, पण त्याला शेतात कुणी लाइट म्हणत नाही. इथे लाइट म्हणजे पाणी. तिच्यासमोर 'दिवा' लिहून बघा.

आता व्याकरण बघा, कारण गंमत तिथेच आहे. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. आपण त्याला एक सोडून दोन दिली. पुष्कळांच्या तोंडी 'लाइट गेली', पण 'खोलीतला लाइट चालूच राहिला'. वीज ती स्त्रीलिंगी, दिवा तो पुल्लिंगी. हे कुणी शाळेत शिकवलं नाही, कुठल्या समितीने ठरवलं नाही. अहिराणीत हाच शब्द 'लाइट गयी', 'लाइट उनी का?' असा बिनतक्रार चालतो. ज्या शब्दाला आपल्या भाषेचं लिंग लागलं आणि आपली क्रियापदं चिकटली, त्याला पाहुणा म्हणणं हा आडमुठेपणा आहे.

शिवाय आपण या शब्दाचा मूळचा मोठा अर्थ घेतलाच नाही. 'सूर्याची लाइट' असं कुणी म्हणत नाही. उजेड, प्रकाश, ऊन, चांदणं, झुंजुमुंजू, सगळे जागच्या जागी शाबूत आहेत. जिथे जागा रिकामी होती तिथे शब्द बसवला. खांबावरून येणारी, महिन्याला बिल लावणारी, न सांगता जाणारी वस्तू आजोबा-पणजोबांकडे नव्हती. 'वीज' म्हणावं, तर तीही आभाळातून उतरवून तारेत बसवलेली आहे. खेड्यात 'वीज पडली' म्हटलं की अजून आधी पोटात गोळा येतो.

बाकीचे अर्थ तुम्हाला माहीत आहेतच. मित्र चिडला की 'लाइट घे ना भाऊ'. शर्टाचा रंग लाइट. उशिरा कळणारा ट्यूबलाइट, आणि कळलं की त्याची ट्यूब पेटली. आता बटण दाबताक्षणी लागणारे एलईडी आले, लुकलुकणाऱ्या नळ्या चालल्या, तरी शिवी शिल्लक आहे. 'लाइट बिल' हे तर कागदोपत्री जिवंत असल्याचा पुरावा. कुठल्याही फॉर्मला त्याची झेरॉक्स जोडा. कितीतरी शेतांतल्या मोटारींचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येतं.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच शब्दावर आहे. भारनियमन. शुद्ध, संस्कृत, रुबाबदार. ऐकताना वाटतं कुणीतरी शिस्तीने, सगळ्यांच्या भल्यासाठी काहीतरी नियमात बसवतंय. या शब्दात कुणी कुणाची लाइट काढलेली नाही, कुणाचा गहू वाळलेला नाही. गावात लोक म्हणतात, "लाइट घालवली." प्रयोजक क्रियापद आहे ते. घालवणारा कुणीतरी आहे, हे त्यात पक्कं सांगितलेलं आहे. एका इंग्रजी शब्दाला मराठी क्रियापद जोडून केलेलं हे वाक्य सरकारी शुद्ध शब्दापेक्षा जास्त मराठी आहे आणि जास्त खरंही.

तसंच 'रोहित्र'. तक्रार लिहायची तर रोहित्र नादुरुस्त. बोलायचं तर डीपी जळाली. (तुमच्या फोनवरचा डीपी वेगळा, तो बदलला तरी कुणाचं पीक जात नाही.) वीज मंडळाची २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभागणी झाली, महावितरण आली. लोक अजून एमएसईबीच म्हणतात. लाइनमनला कंपनी 'जनमित्र' म्हणते. नाव चांगलं आहे, पण खांबावर चढून जीव धोक्यात घालणारा माणूस त्यात दिसत नाही, लाइनमनमध्ये दिसतो.

मी नव्या मराठी शब्दांच्या विरोधात नाही. सावरकरांचे 'महापौर', 'दिग्दर्शक' आपण आनंदाने वापरतो. आणि शुद्धिवाल्यांना प्रिय असलेले इतिहासाचार्य राजवाडे तर आमच्याच भागात, धुळ्यात, १९२६ साली वारले. त्यांनी जुन्या पत्रांतले फारसी आणि मराठी शब्द मोजून दाखवलं होतं, की शिवकाळानंतर फारसीचा भरणा कसा कमी झाला. बरोबर आहे. पण अर्ज, जमीन, हजर, तारीख राहिलेच ना? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी राहिले. मोल्सवर्थने १८३१च्या कोशात असे शब्द घेतले, कुठून आले त्याची खूण शेजारी ठेवली आणि पुढे गेला. त्या इंग्रजाला जे जमलं ते आपल्या यादीवाल्यांना जमत नाही.

यादीवाल्यांइतकेच मला ते दुसरे खटकतात, जे पुण्यात खान्देशातल्या पोराला हसतात. "लाइट नाही म्हणजे? पॉवर म्हण ना!" म्हणजे मराठी बोलताना शुद्ध मराठी हवं, इंग्रजी शब्द आला तर तो शुद्ध इंग्रजी हवा, आणि अहिराणी तर घरीच ठेवून यायची. मग त्या पोराने बोलायचं तरी कशात? तो गप्प बसतो, आणि हसणाऱ्याला वाटतं याला काही येत नाही. त्याच पोराला वर्गात सर्वांत आधी कळलेलं असतं की थ्री फेज म्हणजे काय.

पौषातल्या थंडीत, पाळी रात्रीची असली की माणूस गोधडी टाकून गव्हाला पाणी भरायला निघतो. पायाखाली साप आहे का, हे बॅटरीच्या उजेडात बघत. सरकारने २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आणली, ती दिवसा लाइट मिळावी म्हणूनच. तीत 'वाहिनी' म्हणजे फीडर, हे कळायला माझ्यासारख्यालाही वेळ लागतो. जोवर रात्रीची पाळी आहे, तोवर कंपनीने मेसेज तरी असा पाठवावा: "आज रात्री बारा ते सकाळी आठ शेतीची लाइट राहील." विहिरीवर जाणाऱ्याला तो दोनदा वाचावा लागणार नाही.