बेटावरचे गुलाबी पाहुणे

दोस्तांनो, डोंबिवलीच्या एखाद्या मित्राला विचारा, ‘बेटावर कधी गेला होतास का रे?’ तो बहुधा नाहीच म्हणेल. पण लोकलने ठाण्याला आला असेल, तर तो बेटावर जाऊन आलेला आहे! कळवा सोडलं की गाडी खाडीवरचा पूल ओलांडते ना, तिथून साष्टी बेट सुरू होतं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोचली ती हेच पाणी ओलांडून.

या बेटाच्या पूर्वेकडे हिवाळ्यात पाहुणे उतरतात. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. मान खाली घालून, चोच चक्क उलटी धरून ते पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. त्यातल्या रंगद्रव्यामुळेच त्यांची पिसं गुलाबी होतात. पिल्लं मात्र राखाडी, बरं का! २०१५ साली खाडीच्या या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही तिचं नाव आलं.

मग सगळं झालं? छे! भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो. लांब पाय असले तरी किती वेळ उभं राहणार? मग हे पक्षी जवळच्या उथळ तळ्यांवर जाऊन थांबतात. ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर. नेरूळचा डीपीएस तलाव त्यांतलाच एक. २०२४ मध्ये तिथे भरतीचं पाणी येणं बंद झालं, तलाव सुकत गेला आणि काही रोहित मेले. आसपासच्या रहिवाशांनी मात्र पिच्छा सोडला नाही. फोटो काढले, अर्ज केले, आंदोलन केलं. अखेर २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. मोठ्यांचे अर्ज कंटाळवाणे वाटतात ना? हा एक वाचण्यासारखा असणार!

आपल्या डोंबिवली-कल्याणच्या खाडीकाठीही तिवरांचं रान आहे. तिवरांच्या मुळांत कोळंबीची, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात, चिखलात निवट्या उड्या मारतात. कोळीवाड्यातल्या आजीला विचारा, ती मासळीची नावं धडाधड सांगेल. तिवर गेलं तर जाळ्यात काय येणार, हेही तिलाच विचारा. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. तरी रात्री डंपर येऊन डेब्रिज टाकून जातात. असं दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका. आईबाबांकरवी वनखात्याला कळवा.

आता पक्षी बघायला कधी जायचं? डिसेंबर ते मे, आणि ओहोटीच्या वेळी. ती वेळ काढायची कोकणातली जुनी युक्ती सांगतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. भिंतीवरचं कॅलेंडर काढा पाहू. येत्या रविवारी तिथी कोणती?