पार्थेनॉनची शिल्पे आणि ब्रिटनचा उसनवारीचा न्याय

ग्रीसचे पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस आणि ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांची २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये भेट ठरली होती. आदल्या संध्याकाळी ती सुनक यांच्याकडून रद्द झाली. पाहुण्याचा अपराध कोणता? पार्थेनॉनची शिल्पे दोन देशांत विभागणे म्हणजे मोनालिसाचे चित्र अर्धे कापण्यासारखे आहे, एवढेच ते बीबीसीच्या मुलाखतीत म्हणाले होते. ‘नाटो’तील दोन मित्रराष्ट्रांच्या शिष्टाचाराची ही तर्‍हा!

ऑटोमन दरबारातील ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी १८०१ पासून अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरील ही शिल्पे उतरवली. काही तर करवतीने कापून काढली. शिल्पांच्या पेट्या घेऊन निघालेले त्याचे एक जहाज १८०२ साली बुडाले, तेव्हा पाणबुडे लावून तो माल वर काढण्यात आला. पुढे कर्जबाजारी झालेल्या एल्गिनकडून ब्रिटिश संसदेने १८१६ साली ३५ हजार पौंडांना हे सारे विकत घेतले. ज्या परवान्यावर या व्यवहाराचा डोलारा उभा आहे, त्याची मूळ तुर्की प्रत आजवर मिळालेली नाही; उपलब्ध आहे ते केवळ एक इटालियन भाषांतर. मूळ प्रत उद्या मिळाली, तरी काय सिद्ध होणार? परकीय सुलतानाने जिंकलेल्या भूमीचा वारसा तिसर्‍याला देऊन टाकला, इतकेच ना?

शिल्पे सांभाळण्याची ग्रीसची ऐपत नाही, असे वर्षानुवर्षे ऐकवले गेले. २००९ साली अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी भव्य संग्रहालय उभे राहिले आणि त्या युक्तिवादातील हवाच गेली. खुद्द ब्रिटिश म्युझियममध्ये १९३०च्या दशकात ही शिल्पे ‘शुभ्र’ दिसावीत म्हणून खरवडण्यात आली होती. त्याच संग्रहालयातून सुमारे दोन हजार वस्तू चोरीस गेल्याचे वा त्यांची हानी झाल्याचे २०२३ साली उघड झाले. सांभाळण्याच्या गोष्टी आता कोणी कोणाला सांगाव्यात?

ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश आरमार नवारिनोला लढले, एल्गिनवर कोरडे ओढणारा कवी बायरन मिसोलोंगीला मरण पावला, हे ग्रीस विसरलेला नाही. म्हणून तर ही मागणी आजवर संयमाने होत आली. परंतु शिल्पे फार तर उसनी मिळतील आणि त्यासाठी आधी ब्रिटनची मालकी मान्य करा, ही अट कोणता स्वाभिमानी देश स्वीकारील? महाराष्ट्राला हा न्याय अपरिचित नाही. २०२४ साली लंडनहून सातार्‍यात वाघनखे आली, तीही उसनवारीवरच.

राहता राहिला १९६३चा ब्रिटिश म्युझियम कायदा. संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास तो आडवा येतो, असे सांगितले जाते. पण नाझींनी लुबाडलेल्या वस्तू मूळ मालकांना परत करता याव्यात म्हणून २००९ साली याच संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि उचितच केले. पालेर्मोने २०२२ साली पार्थेनॉनचा एक तुकडा कायमचा परत दिला, व्हॅटिकनने २०२३ साली तीन दिले. अ‍ॅक्रोपोलिसवरील एरेक्थिऑन मंदिराच्या सहा स्तंभकन्यांपैकी पाच अथेन्सच्या नव्या संग्रहालयात आहेत. सहावी लंडनला आहे आणि तिची जागा तिथे मोकळी ठेवलेली आहे.