ईदचे गिऱ्हाईक रजबपासून जोडा

पनवेलची बाजारपेठ वाटेवर वसलेली आहे. एकेकाळी खाडीतून येणारा माल, घाटावरून उतरणाऱ्या बैलगाड्या आणि पुढे मुंबई-पुणे व मुंबई-गोवा या दोन्ही रस्त्यांचा प्रवासी पनवेलवरूनच जात असे. ईदेसाठी कोकणात निघालेले कुटुंब येथे उतरून कापड, चप्पल, खजूर, अत्तर घेई आणि मगच पुढच्या गाडीत बसे. त्यामुळे गिऱ्हाईक शोधत जाण्याची पाळी आपल्या वाडवडिलांवर फारशी आली नाही. दुकान उघडले की गिऱ्हाईक दारात, अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या लागली.

आता वाट बदलली आहे. २००२ पासून पूर्ण सुरू झालेला द्रुतगती मार्ग कळंबोलीहून सुरू होतो आणि गावाला बाजूला ठेवून निघून जातो. २०१६ साली महानगरपालिका झाली; खारघर, कामोठे, कळंबोलीची वस्ती पनवेलच्या हद्दीत आली. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानेही उडू लागली. माणसे वाढली, पण ही नवी माणसे गाडी लावायला जागा नसलेल्या जुन्या बाजारात येतीलच असे नाही. त्यांची खरेदी मॉलमध्ये होते, नाहीतर मोबाइलवर. म्हणून आपल्या काही तरुण दुकानदारांनी मोबाइलवरून थेट माल दाखवून विकण्यास सुरुवात केली, ज्याला सर्व जण ‘लाइव्ह’ म्हणतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

परंतु ज्या पद्धतीने हे केले जाते, ती पद्धत मुळातच चुकीची आहे. विसावा रोजा उलटला की कुणाला तरी लाइव्हची आठवण होते. समोर सात प्रेक्षक असतात, त्यांतील चार घरचेच. दोन-तीन रात्री घसा कोरडा करून झाल्यावर ‘आपल्या लोकांत हे चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि ईदनंतर सर्व बंद. खरे पाहता दोष लोकांचा नाही. हंगामाचा प्रेक्षक हंगामात गोळा होत नसतो. तो आधी जोडावा लागतो.

हे केवळ उपदेशासाठी म्हणत नाही. कंपन्यांचे नियमच तसे आहेत. जून २०२४ पासून फेसबुकवर लाइव्ह करायचे तर खाते किमान ६० दिवसांचे जुने हवे आणि पेजला किमान १०० अनुयायी हवेत. ऑगस्ट २०२५ पासून इन्स्टाग्रामने लाइव्हसाठी १,००० अनुयायांची अट घातली. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान ५० सदस्य लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. रजब आणि शाबान मिळून साधारण ५९ दिवस होतात. म्हणजे ज्याने रजबच्या चंद्राबरोबर खाते उघडले, तोच रमजानच्या पहिल्या आठवड्यात फेसबुकवर उभा राहू शकतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. मालाची बेगमी आपण चंद्र पाहून करतो, मग प्रेक्षकांची का करू नये?

या दोन महिन्यांत करायचे काय? विक्रीची घाई न करता आठवड्यातून दोन ठराविक दिवशी, ठराविक वेळी, अर्धा तास कॅमेऱ्यासमोर यावे. कारागिराजवळ दाखवण्यासारखे दुकानदारापेक्षा जास्त आहे. जरीचा टाका कसा पडतो, बुरख्याच्या कापडाचा पोत उजेडात कसा दिसतो, चपलेचा तळ कसा शिवतात, अस्सल अत्तर आणि तेल मिसळलेले अत्तर यांत फरक काय, हे पाहायला माणसे थांबतात. यासाठी चेहरा दाखवणेही आवश्यक नाही. घरात बसून शिवणकाम, कशिदा करणाऱ्या आपल्या भगिनींनी केवळ हात आणि काम दाखवले तरी पुरे. मागे गाणी लावू नयेत. परवानगी नसलेल्या गाण्यामुळे प्रक्षेपण मध्येच बंद होऊ शकते.

वेळेचा विचार गिऱ्हाइकाच्या घरचा करावा. रमजानमध्ये असरनंतर गृहिणी इफ्तारीच्या तयारीत असते. जोहर आणि असरच्या मधली वेळ तिला मोकळी असते. कोकणातील असंख्य घरांचा कमावता माणूस आखातात आहे. दुबई-मस्कत आपल्यापेक्षा दीड तास, तर सौदी, कुवेत, कतार, बहरीन अडीच तास मागे आहेत. आपल्याकडे रात्रीचे अकरा म्हणजे रियाधमध्ये साडेआठ, अर्थात तरावीहची वेळ. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, वेगळी वेळ ठेवावी. पैसे तिकडून येतील, माल म्हसळा-श्रीवर्धनच्या घरी पोहोचवता येईल. मात्र अजान झाली की लाइव्ह थांबलेच पाहिजे. जुमाच्या अजानीबरोबर खरेदी-विक्री सोडण्याचा आदेश तर कुरआनातच आहे. जो वेळेवर थांबतो, तो वेळेवर येतो हेही गिऱ्हाइकाला कळते.

आता मुद्दा सचोटीचा. बाजारात पैसे देऊन प्रेक्षकांचा आकडा फुगवून देणारे भेटतात. काही जण नातलगांकडून ‘मी घेतले, फारच छान’ अशा प्रतिक्रिया लिहवून घेतात. यात काही वावगे आहे असे त्यांना वाटतही नाही. परंतु घेण्याचा इरादा नसताना बोली वाढवून दुसऱ्याला भुलवणे, ज्याला ‘नजश’ म्हणतात, त्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट मनाई केली आहे. खोट्या गर्दीचा आत्मा तोच आहे. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही: विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहू नये, असे २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत नमूद आहे. सदोष किंवा दाखवल्यापेक्षा वेगळा माल परत घेण्यास नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

प्रेषितांनी (स.) बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. कॅमेऱ्यासमोर गिऱ्हाइकाला हात घालता येत नाही. त्याच्या वतीने तो हात दुकानदारानेच घातला पाहिजे. कापडाचा डाग, रंगातील फरक, खजुरीचा खालचा थर स्वतःहून दाखवावा. जवळ नसलेला माल ‘आहे’ म्हणून विकू नये. आगाऊ पैसे घेऊन पुढे माल देण्यासाठी ‘सलम’ आणि ऑर्डरप्रमाणे बनवून देण्यासाठी ‘इस्तिस्ना’ हे मार्ग फिकहमध्ये आहेत. त्यांत वस्तूचे वर्णन, किंमत, मुदत आधी ठरवावी लागते. न पाहिलेल्या मालाबाबत हनफी मसलकात पाहिल्यावर परत करण्याचा हक्क आहे, तर कोकणात प्रचलित शाफई मसलकात अट अधिक कडक आहे. आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. तसेच परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, साधारणतः जीएसटी नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना सूट आहे, ती हिशेबनिसाकडून समजून घ्यावी.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लाइव्हचा प्रेक्षक आपला नसतो, तो कंपनीचा असतो. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि तेथे लाखो प्रेक्षक जमवलेली माणसे एका रात्रीत रिकामी झाली. फेसबुकने विक्रीसाठी दिलेली लाइव्हची खास सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली. फेब्रुवारी २०२५ पासून तर फेसबुक जुने लाइव्हसुद्धा केवळ ३० दिवस ठेवते. पागडीच्या दुकानात भाडेकरूला निदान काही हक्क असतो. येथे तोही नाही. म्हणून प्रत्येक लाइव्हनंतर ज्याने माल घेतला त्याचे नाव, नंबर, माप आणि आवड, त्याच्या परवानगीने, स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावी. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी रमजानमध्ये बाजार बंद होता आणि ईदचा माल दुकानात पडून राहिला, हे आपण विसरलेलो नाही. शटर सरकारी हुकमाने बंद होऊ शकते, खाते कंपनीच्या हुकमाने. वही मात्र आपल्याजवळ राहते.

एकट्याला हे जड जाते हे खरे. एका गल्लीतील पाच दुकानदारांनी मिळून एक खाते चालवावे, सोमवारी कापड, मंगळवारी पादत्राणे, बुधवारी अत्तर-टोपी अशा पाळ्या लावाव्यात. खर्च वाटला जाईल आणि एकाचे गिऱ्हाईक पाचांना मिळेल. हीच जोडलेली माणसे पुढे लग्नसराईला, गणपतीला, दिवाळीलाही येतील. पनवेलच्या पेठेने गिऱ्हाइकाचा धर्म कधी विचारलेला नाही.

हजार अनोळखी प्रेक्षकांपेक्षा दर आठवड्याला येणारी चाळीस ओळखीची माणसे व्यापाराला अधिक बरकत देतात. ती चाळीस माणसे सत्ताविसाव्या रात्री सापडणार नाहीत. रोजी देणारा अल्लाह आहे, यात शंका नाही; परंतु बी पेरणीच्या दिवसांतच टाकावे लागते, हे शेतकऱ्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे व्यापाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे.