सुरी कोणाची, हे काझीने विचारलं नाही

आमच्या चुडाव्यात कुणी लांब षटकार मारला की पोरं ओरडतात, ‘अफलातून!’ हे प्लेटोचं अरबी नाव. फारसी-उर्दूच्या वाटेने ते मराठीत आलं आणि घरचं झालं. युनानी औषध घेताना तरी ‘युनान’ म्हणजे ग्रीस हे कोण आठवतं? पण फलसफा म्हटलं की आपले काही मित्र सावध होतात : ही बाहेरची चीज आहे, ईमान कमजोर करते. दुसरे काही छाती फुगवून सांगतात की युरोपला अक्कल आपणच शिकवली. मला दोन्ही पटत नाही.

हा पेच आधी ख्रिस्ती लोकांना पडला होता. अथेन्सचा जेरुसलेमशी संबंधच काय, असा सवाल तर्तुलियनने केला. त्याच्या आधीच्या जस्टिनला मात्र सॉक्रेटिस आपलाच वाटायचा.

पुढे बगदादमध्ये गंमत झाली. नवव्या शतकात गॅलेनचे ग्रंथ अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. म्हणजे ‘आपण शिकवलं’ म्हणणाऱ्यांनी आपल्याला कोणी शिकवलं तेही सांगावं. अल-किंदीने ग्रीक तर्क वापरून ख्रिस्ती त्रैक्यावर टीका केली. दहाव्या शतकात याह्या इब्न अदीने त्याच तर्काने त्याला उत्तर दिलं. हा याह्या ख्रिस्ती, आणि अल-फाराबीचा शागीर्द! दोघांचा धर्म वेगळा, हत्यार एकच.

मग कॉर्डोबाचा इब्न रुश्द (1126–1198). ॲरिस्टॉटलवरची त्याची भाष्यं लॅटिनमध्ये गेली. थॉमस अक्वायनस त्याला नुसतं ‘भाष्यकार’ म्हणायचा, आणि 1270 मध्ये त्याच्या मतांविरुद्ध पुस्तकही लिहिलं. न पटणाऱ्याला असं नीट वाचून उत्तर देणं मला आवडतं. घाबरणारे दोन्हीकडे होतेच. 1195 मध्ये इब्न रुश्दला हद्दपार केलं, त्याची पुस्तकं जाळली. 1277 मध्ये पॅरिसच्या बिशपने 219 विधानांवर बंदी घातली.

इब्न रुश्द काझी होता, हे आपण विसरतो. ‘फस्ल अल-मकाल’मध्ये तो शरियतच्याच भाषेत विचारतो की, परक्यांचं तर्कशास्त्र वाचावं का? त्याचं म्हणणं असं : कुर्बानीची सुरी आपल्या धर्माच्या माणसाची आहे का, हे आपण बघत नाही, ती कामाला योग्य आहे का, एवढंच बघतो.

आज गावात कुणी बहिणीच्या वारसाहक्काचं किंवा जमातीच्या हिशोबाचं विचारलं की उत्तर मिळतं, ‘हे बाहेरचे विचार आहेत.’ हिशोब राहतो बाजूलाच. बहिणीचा हिस्सा तर कुरआनातच आहे, तरी तो मागणारी बाहेरची ठरते.

‘फस्ल अल-मकाल’ लहानसं पुस्तक आहे. जुम्म्यानंतर अर्धा-अर्धा तास बसलो तर महिन्या-दोन महिन्यांत वाचून होईल. ज्यांना त्याचं म्हणणं पटत नाही त्यांनी तर नक्की यावं.