राष्ट्राध्यक्षांचे सौदे आणि चांदवडचा कांदा

डोनाल्ड ट्रम्प यांनी केलेल्या करारांनी अमेरिकेचे हित साधले काय, या वादाशी चांदवडच्या कांदा उत्पादकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो निकटचा आहे. राज्यकर्त्याने आधी चालता बाजार मोडावा, मोडलेल्यातील काही भाग परत आणावा आणि त्या अर्ध्यामुर्ध्या भरपाईलाच विजय म्हणून मिरवावे, ही रीत वॉशिंग्टनची आहे तशीच दिल्लीचीही आहे.

प्रथम अमेरिकेचा हिशेब पाहावा. २०१८ साली ट्रम्प यांनी चिनी मालावर जकाती लादल्या. चीनने अमेरिकन सोयाबीनवर जकात बसवून आपली खरेदी ब्राझीलकडे वळवली. गिऱ्हाईक गमावलेल्या आपल्याच शेतकऱ्यांसाठी अमेरिकन सरकारला दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. त्यानंतर १५ जानेवारी २०२० रोजी व्हाइट हाउसमध्ये ‘पहिल्या टप्प्याचा’ करार झाला. २०१७ च्या पातळीपेक्षा दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी चीन करील, असे वचन त्यात होते. पीटरसन इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ चॅड बाऊन यांनी मुदतीअखेर हिशेब मांडला, तेव्हा एकूण वचनापैकी केवळ ५८ टक्के खरेदी झाल्याचे दिसले; जादा २०० अब्जांपैकी एक डॉलरचाही माल गेला नव्हता.

समर्थक महासाथीकडे बोट दाखवतात. विमाने आणि पर्यटन त्या काळात बुडाले, हे खरे. शेतमालाची खरेदी वचनाच्या सुमारे ८३ टक्क्यांपर्यंत गेली, हेही खरे. पण मग २०२५ साली काय झाले? पुन्हा जकाती लादल्या गेल्या, चीनने पुन्हा सोयाबीनकडे पाठ फिरवली आणि ३० ऑक्टोबर रोजी बुसानच्या भेटीत पुन्हा ‘ऐतिहासिक’ सौदा झाला. चीनने पुढील तीन वर्षे दरसाल अडीच कोटी टन सोयाबीन घ्यावे, असे ठरले. खरेदीचे कोणतेही बंधन नसताना २०२४ साली चीनने सुमारे २ कोटी ७० लाख टन घेतलेच होते! जे होते त्याहून कमी मिळवण्यास मुत्सद्देगिरी म्हणावयाचे असेल, तर हा सौदा थोर खराच. डिसेंबरात शेतकऱ्यांसाठी पुन्हा १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली, ती कोणत्या विजयाची खूण म्हणावी?

आता हीच रीत चांदवडमध्ये पाहावी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ऑक्टोबरात टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य ठरवले आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. ११ डिसेंबरला तेथील आंदोलनात शरद पवार उतरले. बंदी उठली ती ऐन लोकसभा निवडणुकीत, ४ मे २०२४ रोजी. तीही ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ पासून. प्रत्येक पायरीला ‘दिलासा’ असे गोंडस नाव मिळाले. हिरावलेले हप्त्याहप्त्याने परत देणे हे दातृत्व नव्हे, हे दिंडोरीच्या मतदारांनी केंद्रातील राज्यमंत्र्यांचा पराभव करून सांगितले. परंतु बंदीच्या काळात दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक मतपेटीतून परत येत नाही.

अशा दोन सरकारांमध्ये सौदा होतो, तेव्हा शेतकऱ्याच्या वाट्याला काय येते? २०१९ साली ट्रम्प यांनी भारतीय मालाची जकात-सवलत काढून घेतली. भारताने अमेरिकन बदाम, अक्रोड, सफरचंद यांवर जादा शुल्क बसवले. जून २०२३ मध्ये बायडन यांच्या काळात तडजोड झाली. भारताचे जादा शुल्क गेले, सवलत मात्र परत आली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील अमेरिकन जकात ५० टक्क्यांवर नेण्यात आली. त्याच महिन्यात दिल्लीने वस्त्रोद्योगाची सोय म्हणून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तहकूब केले आणि ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. खानदेश-विदर्भाचा कापूस बाजारात येतो, तो नेमका याच काळात!

येथे एक आक्षेप येईल. नोव्हेंबर १९८६ मध्ये ज्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, तेथे शरद जोशींच्या खुल्या बाजाराच्या विचाराला मानणारे आजही आहेत. सरकारने मध्ये पडू नये, व्यापार वाढू द्यावा, असे ते म्हणतात. निर्यातबंदीविरुद्धचा त्यांचा संताप रास्तच आहे. परंतु राष्ट्राध्यक्षाच्या लहरीने जकात चढते-उतरते आणि बंद खोलीत खरेदीचे आकडे ठरतात, त्याला खुला बाजार कसे म्हणावे? ती सत्तेची दुकानदारी आहे. तेथे मोठे कारखानदार आणि आयातदार आपले म्हणणे पोहोचवू शकतात, तीन एकरांचा कांदा उत्पादक नाही.

शेती हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय. तरीही परदेशाशी करार करताना संसदेची पूर्वसंमती घेण्याचे बंधन केंद्रावर नाही. १९९४ चा जागतिक व्यापार करार याच वाटेने आला. म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी मागणी एकच, पण निःसंदिग्ध केली पाहिजे: शेतमालाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक कराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेत आणि विधानसभेत मांडला जावा, त्यावर मतदान व्हावे. करार होण्यापूर्वी जे मिळत होते त्याहून अधिक काय मिळणार, वचन मोडल्यास भरपाई कोण करणार आणि लाभ कोणाच्या पदरात पडणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्यावाचून सही होता कामा नये. हे प्रश्न चांदवडच्या बाजार समितीपासून तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेपर्यंत नेणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे.